बंद मॉलमधली अनवाणी पावलं

ती गोष्ट निघाली की आजही माझा उजवा तळहात चुरचुरतो. मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन निघालो. माणूस ओळखण्यात आपण चुकत नाही, ही माझी घमेंड.

आमच्या हद्दीतला तो मॉल उघडला तेव्हा बंदोबस्ताला मीच होतो. गंगापूर, पिशोरहून जीपा भरभरून लोक सरकता जिना बघायला येत. फरशी एवढी चकाचक, की बायाबापड्या दारातच चपला काढत. पुढं शहर दुसऱ्या अंगाला वाढलं, तिकडं नवे मॉल झाले, इथले गाळे एकेक करून उठले. शेवटी कुलूप लागलं. राहिला तो पहिल्या दिवसापासूनचा वॉचमन, हर्सूलचा म्हातारा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो.

एक दिवस भंगारवाल्या खबऱ्यानं सांगितलं, मॉलमधली तांब्याची केबल विकायला येतेय. कुलूप शाबूत, म्हणजे काम चावीवाल्याचं. चावी चाचाकडं. आणला उचलून. दोन तास विचारलं, कबूल होईना. मी एक ठेवून दिली.

गाल धरून तो एवढंच म्हणाला, "साहेब, आत जाऊन पावलं तर बघा."

मला उडवाउडवी वाटली. तरी पंचनाम्याला गेलो. बोटभर धूळ. तिच्यात चाचाच्या रोजच्या फेरीची वाट, सगळी अनवाणी. मॉल ओस पडला तरी तो चपला दारातच काढायचा. वीजखोलीकडं मात्र अनवाणी पाऊल एकही नाही. तिथं बुटांचे ठसे. मी माझा बूट शेजारी टेकवला. तीच नक्षी. सरकारी बूट.

दुसरी चावी मालकानं ठाण्यात जमा केलेली, माझ्याच खुर्चीमागच्या खिळ्याला. दिवसपाळीच्या गस्तीला ती नेणारा शिपाई मी हाताखाली घडवलेला, माझ्या घरी जेवणारा. समोर बसवला तर पाच मिनिटांत म्हणाला, "साहेब, मॉल तर मेलेलाच होता." गुन्हा मी स्वतः दाखल केला.

चाचाला विचारलं, ठाऊक होतं तर बोलला का नाहीस?

"पोलिसाचं नाव पोलिसाला सांगू, साहेब?"

खबर खरी होती. बोट कुणाकडं करायचं, ते मी आधीच ठरवून बसलो होतो. माफी मागणं माझ्या स्वभावात नाही. चाचाचा जबाब नोंदवायला पुन्हा मॉलवर गेलो, तेव्हा दारात वाकून बुटाची नाडी सोडायला लागलो.

"राहू द्या," तो म्हणाला. "आत लई काचा हायेत."

आणि स्वतः चपला काढून पुढं चालायला लागला.