टिल्लावोल्दी ओतांच्या उठाबशा

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या टिल्लावोल्दींनी, वडीलधारे म्हणून सगळ्यांच्या 'ओतां'नी, जन्मभर बसून पृथ्वी पालथी घातली. मर्गिलान ते फरगाना, फरगाना ते मर्गिलान अशी बस चालवली म्हणजे दुसरं काय केलं? बूड एकाच जागी. निवृत्त झाल्यावर ते गादीवर आलं, आणि मूत्रपिंडं निकामी झाल्यावर डायलिसिसच्या खाटेवर. एवढंच काय ते स्थलांतर.

आता पासष्टीत धाकटी बहीण हुर्शिदा त्यांना आपलं एक मूत्रपिंड द्यायला तयार झाली होती. रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. घोडं अडलं ते टिल्लावोल्दींच्या पायांपाशी.

"ओता," डॉक्टर दिलोरोम म्हणाल्या, "अर्धं अंग डायलिसिसनं झिजवलंय, अर्धं तुम्ही बसून घालवलंय. अशा शरीरावर एवढी मोठी शस्त्रक्रिया मी होऊ देणार नाही. रोज चाला. खुर्चीवरून हात न टेकता उठा, बसा. शरदात द्राक्षं उतरली की मी तुम्हाला चालवून बघेन. जमलं तर पुढे जाऊ. बहिणीचंही वय होत चाललंय, तिची तब्येत पुढच्या वर्षी अशीच राहील असं मी सांगू शकत नाही."

"उठाबशा? शाळेत काढल्या तेवढ्या पुरे नाहीत का?"

"त्या खोड्यांबद्दल होत्या. या आळसाबद्दल."

आता हे शरीर हलवायचं कुठे? घरात पाण्यासाठी उठावं तर सून झुलहुमोर धावत यायची. "ओता, मी मेले का? तुम्ही कशाला उठलात?" झाडू हातात घेतला तर बायको कपाळाला हात लावायची. "शेजारी म्हणतील, पोरानं बापाला झाडलोटीला जुंपलं. आमची अब्रू घालवूनच बरे होणार का तुम्ही?" बाहेर पडावं तर प्रत्येक दारातून, "या ओता, चहा घ्या." इकडे यांना पाणीसुद्धा मोजून मापून. त्यातून सुटले तर टॅक्सीवाला कोमिल कचकन गाडी थांबवायचा. "ओता, पायी? आमच्या डोळ्यांदेखत?" टिल्लावोल्दी रीतीप्रमाणे एकदा नको म्हणत. तोवर त्यांचा एक पाय गाडीत गेलेला असे.

खरं सांगू? गृहस्थाला हे सगळं मनापासून आवडत होतं.

संध्याकाळी हुर्शिदाचा फोन यायचा. थोरल्या भावाला ती 'आका' म्हणे. "आका, आज चाललात?"

"बाजारापर्यंत जाऊन आलो," ते म्हणायचे. खोटं कुठे होतं? गेलेच होते.

बिंग कोमिलनंच फोडलं, तेही शाबासकीच्या आशेनं. हुर्शिदा दिसताच छातीवर हात ठेवून, थोरल्या बहिणीचा मान देत म्हणाला, "ओपा, काही काळजी करू नका. ओतांना मी एक पाऊल टाकू देत नाही."

हुर्शिदा तशीच भावाच्या घरी आली आणि समोर बसली.

"आका, मी धडधाकट बाई. तुमच्यासाठी पोट चिरून घ्यायला निघालेय. भीतीनं माझी झोप उडालीय. आणि तुम्ही गाडीत बसून चालायला जाता?"

"तुला लहानपणी दाढ काढायचीसुद्धा भीती वाटायची," टिल्लावोल्दी हसून म्हणाले.

हुर्शिदा हसली नाही. "माझं मूत्रपिंड कष्टाला सरावलेलं आहे. तुमच्या पोटात जाऊन त्यानं लोळत पडावं, म्हणून नाही देत मी. चालणार नसाल तर मीच डॉक्टरांना नाही सांगेन." एवढी चिडली होती, पण 'तुम्ही' काही सोडलं नाही. चहाला हातही न लावता उठून गेली.

टिल्लावोल्दींना स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की शहाणी माणसं गप्प बसतात. हे गृहस्थ खोड्या काढायला लागतात.

त्याच आठवड्यात मोहल्ल्यात एका लग्नानिमित्त, रीतीप्रमाणे, पुरुषांसाठी पहाटेचा पुलाव होता. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना पुरुष मंडळी, मध्ये वाफाळती ताटं. टिल्लावोल्दी हात न टेकता खुर्चीवरून उठले. वडीलधारा उभा असताना धाकट्यांनी बसायचं कसं? सगळं टेबल उठलं.

टिल्लावोल्दी बसले. टेबल बसलं. टिल्लावोल्दी पुन्हा उठले.

"ओता, निघालात?" शेजारच्या खाटकानं तोंडातला घास सावरत विचारलं.

"छे, एवढ्यात कुठे?" म्हणत ते बसले, आणि दम खाऊन परत उठले. पुलाव निवत चालला. खाटकाला धाप लागली. पण बसून राहायची हिंमत कोण करणार? कोणाच्या मुलाचं लग्न ठरायचं होतं, कोणाच्या मुलीचं, आणि होऊ घातलेले व्याही त्याच टेबलावर होते. बेअदब असा शिक्का कोण मारून घेणार?

सगळ्यांत वडील म्हणून एकटे नेमत ओता मजेत जेवत होते. मोहल्ल्याचा कारभार त्यांच्याच हातात. शेवटी त्यांनी हात पुसले. "टिल्लावोल्दी, काय तमाशा लावलाय?"

"डॉक्टरांचा हुकूम आहे. घरात सून उठू देत नाही, रस्त्यावर कोमिल चालू देत नाही. म्हटलं, सगळ्यांना मान द्यायचाच आहे तर इथेच द्या, भरपूर." आणि उठले. टेबल कण्हत उठलं.

"बसा रे!" नेमत ओता म्हणाले. "मोहल्ल्याला सांगून ठेवतो. शस्त्रक्रिया होईपर्यंत या माणसाला कोणी मान द्यायचा नाही. गाडी थांबवायची नाही, चहाला बोलवायचं नाही, काही उचलून द्यायचं नाही."

सगळ्यांत मोठं 'आमीन' खाटकाचं होतं.

बोलायला सोपं, सोसायला अवघड. पहिल्या दिवशी कोमिल मान वळवून भुर्रकन निघून गेला तेव्हा टिल्लावोल्दींनी त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. ओता स्वतःची चहाची किटली आणायला निघाले की झुलहुमोर डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून दुसऱ्या खोलीत जायची. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तर पाय कापसाचे व्हायचे. तरी ते चालले. भिंत धरून चालले, मग भिंत सोडून. चिडचिड करत, पण चालले.

द्राक्षं उतरली. डॉक्टर दिलोरोमनी त्यांना दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालवलं, घड्याळ बघत. श्वासाचा भाता ऐकू येत होता, पण ते थांबले नाहीत. हात छातीशी धरून उठाबशाही काढल्या.

"जमलं," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात शस्त्रक्रियेला ताश्कंदला जायचं. तयारीला लागा."

बाकावर बसलेली हुर्शिदा रडायला लागली. टिल्लावोल्दींना वाटलं, आनंदानं. शेजारी बसून पाठीवर हात ठेवला.

"आका, एक सांगू? आज सकाळी मी दुवा मागितली. तुम्हाला हे जमू नये, अशी."

टिल्लावोल्दींचा हात तिच्या पाठीवरच राहिला. ते म्हणाले, "मग नाही म्हण. माझी शप्पथ, मला राग नाही. पाय परत मिळाले तेच खूप झालं. डायलिसिसला चालत जाईन."

"नाही कोण म्हणतंय? देणारच आहे मी." तिनं रुमालानं नाक पुसलं. "पण भीती वाटते म्हटलं की तुम्ही थट्टा करता. आज फक्त ऐकून घ्या."

टिल्लावोल्दींच्या जिभेवर एक थट्टा आलीच होती, आणि चांगली होती. त्यांनी ती गिळली. हुर्शिदा एकेक भीती सांगत गेली, आणि ते ऐकत राहिले.