सुट्टीनंतरची नाव

हिवाळी सुट्टीनंतर आमच्या कॉलेजची शर्यतीची नाव पुणतांब्याला गोदावरीत उतरली, पण चालली म्हशीच्या चालीने. सुकाणू धरणारा विद्यार्थी आजारी असल्याने त्या जागी मी, संघाचा प्रशिक्षक, बसलो होतो. समोर वल्हवणाऱ्या गुबगुबीत गड्याला मी सुनावले, "घरचे लाडू नडले. उद्यापासून तू संघात नाहीस."

तो नम्रपणे म्हणाला, "सर, तुमी एकदा उतरून बघा. तरी नाव रेंगाळली, तर मी आपला घरी जातो."

सुट्टीत मी काय खाल्ले, हे मी स्वतःला विचारलेच नव्हते.

काठावरच्या एका किडकिडीत पोराकडे सुकाणू देऊन उतरलो. नाव बघता बघता वळणापलीकडे गेली.

सर्वांदेखत मी त्याची क्षमा मागितली. आता सूचना काठावरून पळत देतो. कालच तो नावेतून ओरडला, "सर, पाय उचला, लई मागं पडताय!"