प्रमाण बोट

वजनमापे काका कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि चप्पल काढायच्या आत सांगून मोकळे व्हायचे, "तुमचं चार मिनिटं पुढं आहे." बारशाला आले तरी हेच आणि मयताला गेले तरी हेच. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, मुद्दाम पुढं ठेवलंय, शाळेला उशीर होऊ नये म्हणून." तर म्हणाले, "म्हणजे खोटं आहे हे माहीत असून रोज त्याच्याकडं बघता? कमाल आहे मास्तरीणबाई तुमची!"

सोलापुरात विजापूर रोडला आमची तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडं. मी आणि आई दुसऱ्या मजल्यावर, काका-काकू तळमजल्यावर. काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते फक्त पोस्टमनच्या उपयोगाचं. सगळी नोकरी वजनमापे खात्यात झालेली. दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यावर शिक्का मारायचा. मूळचे ते सांगोल्याकडचे. लहानपणी वडील शेरडं विकायला बाजारात न्यायचे, तेव्हा व्यापारी शेरडू नुसतं दोन्ही हातांनी उचलून वजन सांगायचा. "आणि बाप माझा मान हलवायचा," काका सांगत. "तेव्हाच ठरवलं, माणसाच्या हातावर विसंबायचं नाही. काटा पाहिजे. आणि काटासुद्धा तपासलेला पाहिजे." एरवी ते ऑफिसातली स्वच्छ मराठी बोलत, पण राग आला की सांगोला बाहेर पडायचा. "हे बरोबर हाय का? तुमीच सांगा, हाय का बरोबर?" असं सुरू झालं की समोरच्यानं समजायचं, आपलं आता काही खरं नाही.

त्यांच्याबरोबर पेट्रोल भरायला जाणं ही शिक्षा होती. एकदा माझी स्कूटी बंद पडली म्हणून मी त्यांच्या मागे बसून बाजारात गेले. वाटेत पंपावर त्यांनी पाच लिटरचं माप मागितलं. मागे रांग, डोक्यावर सोलापूरचं ऊन, लोक हॉर्न वाजवतायत, आणि हे गृहस्थ मापाच्या रेघेला डोळा लावून वाकलेले. माप अगदी बरोबर भरलं. म्हटलं, आता तरी समाधान होईल. कसलं काय! परत येताना म्हणाले, "आपण मागितल्यावर बरोबर आलं. न मागता किती येतं, ते कुठं कळलं?"

काकू अक्कलकोटकडच्या, माहेरी कानडी बोलणाऱ्या. त्यांनी हा संशय संसारात मुरवून घेतला होता. "अय्यो, मला बघायला बी दोनदा आले हे," त्या हसत सांगायच्या. "एकदा बघून खात्री पटली न्हाई म्हणं." काका तेव्हा मान खाली घालून शेंगाचटणीत तेल कालवत बसायचे. त्यांना लाजताना मी पाहिलंय ते एवढंच.

करोनाची दुसरी लाट आली तेव्हा या माणसाला काळच अनुकूल झाला म्हणायचा. सगळं जगच संशयास्पद झालं होतं. शिंकणारा संशयित, न शिंकणारा त्याहून संशयित. मोबाईलवर दर तासाला नवा उपाय यायचा. कुणी कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगायला सांगे, कुणी दिवसातून सहा वेळा वाफ घ्यायला, कुणी दालचिनीचा काढा. काकांचे प्रश्न ठरलेले असत, "किती? किती वेळा? आणि गुण आला हे मोजलं कुणी?" उत्तर अर्थातच कुणाकडे नसायचं. मला फार आधार वाटायचा त्यांचा, खोटं कशाला बोलू? सगळे छातीठोकपणे बोलत असताना एक तरी माणूस "मला खात्री नाही" म्हणणारा होता.

मग घरोघरी ऑक्सिमीटर आले. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते मशीन. काकांनी आपलं मशीन आणल्याबरोबर आधी पेन्सिलीला लावून पाहिलं. आकडा आला नाही. "ठीक आहे, निदान लाकडाला जिवंत म्हणत नाही," म्हणाले. मग त्यांनी इमारतीतली सगळी मशीनं तपासायचं ठरवलं. पण तपासायचं कशाशी? त्यावर त्यांनी तोड काढली. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मोठ्या मशीनवर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन स्वतःचं बोट मोजून आणलं. सहाही वेळा सत्त्याण्णव. "झालं," काका म्हणाले, "हे आपलं प्रमाण बोट."

तेव्हापासून प्रत्येक घरचं मशीन काकांच्या बोटाला लागायचं. सत्त्याण्णव दाखवलं तर त्यावर चिकटपट्टी लावून बॉलपेननं शून्य. शहाण्णव दाखवलं तर अधिक एक. तळमजल्यावरच्या विमा एजंटांच्या मशीनला वजा एक मिळालं, तर ते दोन दिवस गाल फुगवून होते. आमच्या मशीनला शून्य आलं आणि आई दहावीत पहिली आल्यासारखी खूश झाली. काका मात्र दर आठवड्याला पुन्हा येणार होते. "काटा एकदा तपासला म्हणजे जन्माचा तपासला का?"

आणि मग आईलाच झाला. टेस्ट पॉझिटिव्ह, अंगात थोडा ताप, घसा दुखतोय, बाकी ठीक. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "सौम्य आहे, घरीच ठेवा. वेगळ्या खोलीत. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती, आणि दिवसातून चार वेळा ऑक्सिजन मोजा. चौऱ्याण्णवच्या खाली आला की लगेच फोन." एवढंच. मला ते फारच कमी वाटलं. बाहेर लोक पिशव्या भरून औषधं नेताना दिसत होते, आणि माझ्या आईला नुसत्या तापाच्या गोळ्या! मला डॉक्टरांचाच संशय यायला लागला.

त्यात विमा एजंट दारात गोळ्यांची एक स्ट्रिप ठेवून गेले. त्यांच्या मेव्हण्याला तीच दिली होती, तो तीन दिवसांत उठून बसला. मी आईला देणारच होते. तेवढ्यात काका जिन्यात उभे राहून म्हणाले, "मागची बाजू वाच." वाचलं. स्टिरॉइड होतं. "मेव्हण्याचं वजन किती, आजार किती, ऑक्सिजन किती? यातलं एक तरी ठाऊक आहे का तुला? दुसऱ्याच्या पारड्यातलं वजन उचलून आपल्यात टाकायचं, हे बरोबर हाय का?" मी फणकाऱ्यानं डॉक्टरांना फोन लावला, काकांना तोंडघशी पाडायच्या इराद्यानंच. डॉक्टर जवळजवळ ओरडलेच, "अजिबात देऊ नका! आत्ता दिलं तर अपायच होईल." मी तोंडघशी पडले आणि मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून आईच्या बाबतीत काकांचा शब्द शेवटचा.

आईच्या आजाराच्या पाचव्या दिवशी काका आठवड्याची पडताळणी करायला वर आले. मी दारात उभी होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते थांबले, कठडा धरला, थोडा वेळ खाली बघत राहिले. मग वर आले. चार दिवसांपूर्वी लस घेतली होती, त्याची कसकस आहे म्हणाले. मला ऑनलाइन तासाची घाई होती. मी पुसलेलं मशीन दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवलं, त्यांनी पुन्हा स्पिरिटनं पुसून बोटाला लावलं. चौऱ्याण्णव. सेल बदलले. चौऱ्याण्णव. काकांच्या कपाळावर आठी आली. "खाली तीन घरांत असंच झालंय," ते म्हणाले. "सगळी मशीनं एकाच मेडिकलातली. त्यानं एकाच लॉटचा माल आणलेला दिसतोय, एकदम बिघडला. सेल बी तसलेच. ह्याला बघतोच मी." आणि त्यांनी आमच्या मशीनवरचा शून्य काढून नवी पट्टी लावली. अधिक तीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा आकडा त्र्याण्णव आला. डॉक्टरांना लावायला मी फोन उचलला. मग पट्टी दिसली. त्र्याण्णव आणि तीन, शहाण्णव. हुश्श! डॉक्टरांना मी शहाण्णवच सांगितलं. मला ते तीन हवे होते. त्या क्षणी कुणी अधिक पाच लिहून दिलं असतं तरी मी घेतलं असतं.

त्याच दुपारी नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते चार-पाच दिवसांनी येतं. इमारतभर मोटारी घुरघुरायला लागल्या, बादल्या वाजल्या. अशा वेळी आई तापानं फणफणलेली असली तरी आतून ओरडते, "पिंप भरलं का गं?" त्या दिवशी ओरडली नाही. मी मास्क लावून आत गेले. आई छताकडे बघत पडली होती. "बरं वाटतंय," म्हणाली. आकडा ब्याण्णव. म्हणजे पंचाण्णव. म्हणजे ठीकच. पण पिंपाचं विचारलं नाही हे काही मला पटेना. काय करावं न सुचून मी ते मशीन पुसून माझ्याच बोटाला लावलं.

अठ्ठ्याण्णव.

अठ्ठ्याण्णव आणि तीन, एकशे एक. शंभरातले एकशे एक मार्क कुठल्या शाळेत मिळतात? मी पुन्हा लावलं, दुसऱ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णवच. मशीन बरोबर होतं. म्हणजे आई खरोखरच ब्याण्णववर होती. आणि काकांचं बोट काल खरोखरच चौऱ्याण्णववर होतं.

डॉक्टरांना खरा आकडा सांगितला. "आधी शहाण्णव कसं सांगितलंत? तीन मिळवायला कुणी सांगितलं तुम्हाला?" ते कडाडले. "ताबडतोब ॲडमिट करा." विमा एजंटांनी ओळखीपाळखी काढून खाटांसाठी फोन सुरू केले. मी मशीन घेऊन खाली धावले. काका खुर्चीत पेपर घेऊन बसले होते, पण चष्मा टेबलावर होता. मी म्हटलं, "बोट द्या." माझा आवाज ऐकून त्यांनी मुकाट्यानं दिलं. नव्वद. काकूंच्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. माझ्या, अठ्ठ्याण्णव. त्यांच्या घरचं मशीन आणलं. पुन्हा तेच.

काकांनी टेबलावरचा चष्मा लावून स्वतःचं बोट बघितलं. मग दम घेत घेत म्हणाले, "आमच्या खात्यात प्रमाण वजनं असायची. पितळेची, मखमलीच्या पेटीत. ती बी वर तपासायला जायाची. म्या मला कुटं तपासलं?"

गाडी दारात आली. दोन्ही खाटा एकाच हॉस्पिटलात मिळाल्या होत्या. आईला आत बसवलं तरी काका फाटकाशी उभेच. त्यांना आधी फोन करायचे होते. त्या आठवड्यात पट्टी बदललेली आणखी तीन घरं होती. एका हातानं फाटक धरून, दोन शब्दांनंतर थांबत ते बोलत होते, "पट्टी काढा. माझं माप चुकलं. पुन्हा मोजा, मला आत्ता आकडा सांगा." आईकडे बघून मला इतका राग आला होता की मी ओरडले, "काका, मरा की मग इथंच फोन करत!" त्यांनी हात वर केला, थांब म्हणून, आणि तिसरा नंबर लावला. त्या तिसऱ्या घरच्या आजींचा आकडा त्र्याण्णव निघाला. त्या वेळेवर दवाखान्यात पोचल्या. आज ठणठणीत आहेत, भांडतात.

आई हॉस्पिटलातून नवव्या दिवशी घरी आली. काका बाराव्या दिवशी गेले. मधे एकदा नर्सच्या फोनवरून बोलले, तेव्हा एवढंच विचारलं, "आई किती?" मी म्हटलं, "सत्त्याण्णव." "कुणाच्या मशीनवर?" त्यांनी विचारलं, आणि मी फोन धरून रडले.

काकूंकडे मी महिन्याभरानं नीट जाऊन बसले. तोवर धीरच झाला नव्हता. त्यांनी चहा केला, स्वतः घेतला नाही. मग समोर बसून विचारलं, "त्या दिवशी ते तुझ्याकडं वर आले व्हते, पट्टी बदलायला. तवा दम लागला व्हता का गं त्यांना?"

"नाही काकू," मी म्हणाले. "नेहमीसारखेच आले."

मी चहाचा कप उचलला.

"मला जिन्यात आवाज आला व्हता," काकू म्हणाल्या. "लई दमल्यागत. मी दारापतोर गेले बी. मग म्हटलं, वर तू हायस. तू बघशीलच की."

मी कप खाली ठेवला.

"लागला होता, काकू," मी म्हणाले. "मी बघितलं होतं."