चांदण्या रात्रीचा आरोपी

आमच्या गल्लीच्या टोकाला रोपवाटिका आहे. तिच्या मालकाला सगळे फौजदार म्हणतात. पोलीस खात्याशी त्याचा आयुष्यात संबंध आला नाही, पण दूधवाल्याने माप जास्त घातलं तरी याच्या कपाळाला आठी पडते: आज जास्त का घातलं?

बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे फौजदाराचा मेहुणा, कारखाना बंद पडल्यावर इथे आला आणि पॉलिहाऊसला, त्या प्लॅस्टिकच्या कापडाच्या घराला, लागून असलेल्या खोलीत राहू लागला. राखण त्याच्याकडे आणि दाराची किल्लीही त्याच्याकडेच. इथेच फौजदाराची झोप उडाली.

थंडीच्या दिवसांत टोमॅटोची रोपं दोनदा करपली. आत टांगलेला तापमापक रात्रीत पारा कुठवर उतरला ते दाखवतो. फौजदार रोज सकाळी तो आकडा वहीत टिपायचा आणि शेजारी आभाळाची हकीकत लिहायचा. महिन्याभराने वही चाळताना त्याचे डोळे चमकले. आभाळ निरभ्र, चांदणं पडलेलं, की आकडा चार. ढगाळ रात्र, की नऊ. बरं, ढगाळ दिवशी ऊनही कमी. दुपारी एकवीसच्या वर पारा नाही. निरभ्र दिवशी एकोणतीस.

"ज्या दिवशी ऊन कमी, त्याच रात्री ऊब जास्त? असं कुठं असतं का!" फौजदार स्वतःशीच म्हणाला, आणि निकालही त्यानेच दिला. चांदणं पडलं की मेहुणा दार उघडं टाकून बाहेर हुंदडतो, आणि थंडी आत शिरते.

त्याने दाराच्या कडीला काळा दोरा बांधला. सात गाठी, त्याही उलट्या. चांदणी रात्र गेली. सकाळी सातही गाठी जागच्या जागी आणि आकडा चार. तिसरी खेप करपली.

"सराईत आहे," फौजदार म्हणाला. "गाठी शिकून घेतल्यान." मग मेहुण्यासमोर जाऊन उभा राहिला. "रविवारी बॅग भरायची."

मेहुण्याचा चेहरा पडला. दुसरीकडे काम नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

"भाऊजी, मी केलं तरी काय?"

"ते तूच सांग."

"अहो, मला एकदा विचाराल का?" बायको मध्ये पडली.

"आरोपीची सख्खी बहीण. तुझी साक्ष चालत नाही."

"बरं. मग त्याला शनिवारी आपल्या घरी झोपवा. दाराला कुलूप घाला, किल्ली तुमच्या उशीखाली ठेवा. रोपं वाचली, तर रविवारी मीच त्याची बॅग भरते."

ही अट फौजदाराला अशी आवडली की त्याने कुलूप नवंच आणलं. शनिवारी आभाळ लख्ख होतं.

रविवारी सकाळी मेहुणा स्वयंपाकघरात चहा ढवळत होता. बॅग दाराशी तयार होती. फौजदार कुलूप उघडून आत गेला आणि बराच वेळ बाहेरच येईना. शेवटी दोघं बघायला गेले, मेहुणा हातातल्या कपासकट, तर तो तापमापकाला बोटाने टिचक्या मारत उभा.

"चार," तो म्हणाला. "हा पण सामील आहे."

बायको हसली नाही. तिने त्याचा हात धरून अंगणात नेलं. तिथे दोन स्कूटर होत्या. उघड्यावरची दवाने निथळत होती, पत्र्याखालची कोरडी ठाक.

"दिवसभर तापलेली जमीन रात्री ऊब वर सोडते. वर ढग असला की तो त्यातली बरीच खाली परत धाडतो, या पत्र्यासारखा. आभाळ मोकळं असलं की ऊब सरळ निघून जाते. तुमचं प्लॅस्टिक पातळ, त्याला ती अडत नाही. दार उघडायची गरजच नाही."

"आणि दिवसा?"

"दिवसा तोच ढग उन्हाला वरच्या वर माघारी पाठवतो. म्हणून दुपार गार."

फौजदाराने डोळे बारीक केले. "एकच ढग दोन्ही करतो? संशयास्पद आहे."

"करतो की! तुम्ही नाही का, दिवसा गिऱ्हाइकाला आत येऊ देत नाही आणि संध्याकाळी मला बाहेर जाऊ देत नाही?"

मेहुण्याला चहाचा ठसका लागला.

माफी मागणं फौजदाराच्या रक्तात नव्हतं. त्याने दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि स्वतःच मेहुण्याच्या खोलीत नेऊन ठेवली. मग कपाटातून जुन्या जाड चादरी काढल्या. संध्याकाळी दोघांनी रोपांवर तारा ओढून त्या पसरल्या. घरचा ढग.

पुढच्या चांदण्या रात्रीनंतर सकाळी चादरींखालचा आकडा आठ होता आणि कोंब हिरवेगार. फौजदाराने मेहुण्याच्या हातात नवी किल्ली ठेवली, पण बोटं मात्र तिच्यावरून काढली नाहीत.

"काय झालं, भाऊजी?"

"काही नाही. दार तू उघडत नव्हतास, हे पटलं. मग चांदण्यात तू हुंदडतोस कुठं?"

मेहुणा कानापर्यंत लाल झाला. फौजदाराने आनंदाने किल्ली सोडली आणि खिशातून वही काढली.