काटा खरा, वाचणारी खोटी

देवाला सगळं ठाऊकच असतं, त्यामुळे त्याच्यापासून लपवायचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो नवऱ्याचा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वहिनी आंघोळ करून देवापुढे बसत, हात जोडत आणि म्हणत, "आकडा माझा, पाप माझं. त्यांच्या वाट्याला घालू नकोस." मग उठून न्हाणीघराच्या दाराशी जात, गुडघे टेकत आणि धडधडीत खोटं बोलत.

सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणे. नवरा वजनमापांच्या खात्यात निरीक्षक, म्हणून तो मापसाहेब. सव्वीस वर्षं लोकांचे तराजू तपासून त्यांच्यावर शिक्के मारलेला माणूस. पाहुण्यांकडे दूध मोजायचं भांडं दिसलं तरी चहा बाजूला ठेवून त्याचा तळ बघणारा. घरातला वजनकाटा त्यांनी स्वतः तपासला होता, स्वतः सील केला होता. काट्यात खोट काढायची कुणाची बिशाद नव्हती. पण तो वाचत वहिनी.

याची सुरुवात नऊ वर्षांपूर्वीची. छातीत एकदा कळ आली, डॉक्टरांनी "वजन चौऱ्याहत्तरवर आणा" म्हणून सांगितलं, आणि घरी येऊन साहेबांनी पाहिलं तर चौऱ्याऐंशी. ते भिंतीकडे तोंड करून निजले ते चार दिवस. जेवण नाही, बोलणं नाही. पाचव्या दिवशी वहिनींनी ओढत काट्यावर उभं केलं तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. "तू वाच. माझा धीर होत नाही."

वहिनी म्हणाल्या, "ब्याऐंशी."

माणूस उठला, दाढी केली, दोन वेळा वाढून घेतलं आणि ऑफिसला गेला.

एकदा पायरी चुकली की जिना संपेपर्यंत थांबता येत नाही. त्या वर्षात वहिनींनी नवऱ्याला दर महिन्याला थोडं थोडं उतरवत चौऱ्याहत्तरवर आणून ठेवलं आणि पुढे तिथेच धरलं. साहेब त्या आनंदात जेवत राहिले. डोळे मिटायची गरज लवकरच संपली, कारण पोट असं पुढे आलं की उघड्या डोळ्यांनीही खालचा आकडा दिसेना. डॉक्टरांच्या काट्यावर ते चढत नसत, कारण त्याला शिक्का नव्हता. व्यापाऱ्यांच्या काट्यावर चढत नसत, कारण त्यात संगनमत दिसतं. विजारी आवळ होऊ लागल्या तेव्हा त्यांनी शिंप्याचा टेप तपासला आणि त्याला नोटीस पाठवली. शिंप्याने देवाशपथ सांगितलं की टेप बरोबर आहे. वहिनी त्या वेळी दाराआड उभ्या होत्या. त्यांनी त्या दिवशी दोन जास्त प्रार्थना म्हटल्या.

प्रार्थनांचा हिशेब असा होता, की खोट्याच्या दर किलोला रोज एक. सुरुवातीला दोनात भागायचं. आता साहेब खरे शहाण्णव झाले होते, सांगायचे चौऱ्याहत्तर, म्हणजे बावीस. न्याहारी सातावरून सरकत सरकत पावणेनऊवर गेली होती. साहेब म्हणत, "तुझी भक्ती वाढत चाललीय." वहिनी म्हणत, "वाढतेय खरी."

हे असंच चाललंही असतं. मध्ये सायकल आली.

लेकीने नोकरीसाठी दुसरं गाव धरलं तेव्हा तिची डोंगरी सायकल मागे राहिली. साहेबांनी ती पुसली, तेल घातलं आणि दर रविवारी गावामागची टेकडी चढू लागले. आता ही सायकल साधी नव्हे. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जो चिमटा असतो, त्याला फोर्क म्हणतात. डोंगरी सायकलीत त्याच्या पायांत स्प्रिंग असते. दगडाचा धक्का आला की तो पायातच जिरतो, हातापर्यंत येत नाही. या सायकलीचा फोर्क म्हातारा झाला होता. आधी तो तेल गाळू लागला, मग अडकून बसला. साहेबांची मनगटं सुजली.

ते कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले. सोबत मोजमापांचं तीन पानी टिपण होतं.

सायकलवाल्याने टिपण वाचलं, डोकं खाजवलं. "साहेब, चाक सव्वीस इंची. हे माप आता बंद झालं. आता साडेसत्तावीस, नाहीतर एकोणतीस."

"माप बंद होत नाही," साहेब म्हणाले. "वस्तू बंद होते."

"बरं, वस्तू बंद झाली."

"मग तसं म्हणा."

"आणि ही वरची नळी, जी हँडलच्या मानेत जाते, ती तुमची सरळ आहे. हल्ली खाली जाड, वर बारीक अशी येते. ती तुमच्या सांगाड्यात शिरणार नाही."

"एकोणतीसचा फोर्क घातला तर?"

"तर तोंड वर करून चालवाल. आभाळाकडे बघत. ब्रेक कुठे लावायचा तो प्रश्न वेगळाच."

दीड महिना साहेबांनी नुसते फोन केले. पलीकडचा माणूस "साधारण शंभर मिलिमीटर दबतो" म्हणाला की साहेब "साधारण म्हणजे काय?" असं विचारत आणि फोन तिकडून बंद होई. एकाने जुन्या सायकलीचा काढलेला फोर्क दाखवला. साहेबांनी बारीक मापं घ्यायचा कॅलिपर लावला, एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने वाकडा निघाला. "माझेही तेवढेच वाकडे आहेत," तो माणूस म्हणाला, पण साहेबांना विनोद मोजता येत नसे.

शेवटी लांबच्या एका शहरात एक म्हातारा दुकानदार सापडला. त्याच्या माळ्यावर सव्वीसचा एक, अगदी एकच, कोरा फोर्क होता. सरळ नळीचा, शंभर मिलिमीटर दबणारा, डिस्क ब्रेकची जागा असलेला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. म्हातारा फोनवर म्हणाला, "स्प्रिंग तीन प्रकारच्या आहेत. पंचाहत्तर किलोपर्यंत निळी, नव्वदपर्यंत पिवळी, त्याच्यावर लाल. तुमचं वजन?"

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. हातातला डबा त्यांनी हळूच खाली ठेवला.

"चौऱ्याहत्तर पूर्णांक तीन," साहेब म्हणाले. "मोजलेलं आहे. अंदाजे नाही."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. वहिनींनी तोंड उघडलंही. पण साहेब फोन ठेवून वळले आणि म्हणाले, "बघ, नऊ वर्षांचा नेम कामाला आला," आणि ते तोंड मिटून गेलं.

फोर्क आला. खोक्यात वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती. "हा माझ्याकडचा शेवटचा सव्वीसचा. निळी स्प्रिंग मी स्वतः बसवली आहे. उतार सावकाश घ्या." वहिनींनी चिठ्ठी वाचली आणि कुणाला न विचारता देवाजवळ नेऊन ठेवली.

रविवारी साहेब टेकडीवर गेले आणि तासाभरात जीभ चावून परत आले. पहिल्याच दगडावर फोर्क जो खाली बसला तो खटकन तळाला आपटला. सायकलवाल्याने फोर्कच्या पायावर रबरी कडं सरकवून साहेबांना नुसतं सीटवर बसवलं. माणूस बसला की फोर्क पाव हिस्सा दबावा, शंभरात पंचवीस. कडं अठ्ठावन्नवर गेलं.

"निळीच आहे ना आत?" साहेबांनी विचारलं.

"निळीच. पण साहेब, राग मानू नका, तुम्ही नक्की..."

"शिक्क्याचा काटा आहे माझ्या घरी."

सायकलवाल्याने कडं काढून घेतलं. शिक्क्यापुढे कोण बोलणार.

साहेबांनी निष्कर्ष काढला. स्प्रिंगवर लिहिलंय पंचाहत्तर, आणि ती चौऱ्याहत्तरला मान टाकते. म्हणजे माल खोट्या मापाचा. त्या शहरातला निरीक्षक त्यांचा जुना सहकारी. तक्रार पोचली की चौकशी होईपर्यंत दुकानाला टाळं. साहेबांनी दोन पानी तक्रार लिहिली, पुन्हा वाचली आणि एक स्वल्पविराम सुधारला.

"म्हातारा माणूस आहे हो," वहिनी म्हणाल्या.

"मापाला वय नसतं."

"त्याने चुकून..."

"चुकून झालं असेल तर चौकशीत निघेल. तोवर बंद राहू दे दुकान."

त्या दिवशी वहिनी प्रार्थनेला बसल्या आणि अकराव्यालाच अडकल्या. नवऱ्यासाठी बोललेलं खोटं देव पोटात घालील, असं त्यांनी धरलं होतं. पण आता त्या खोट्याने एका परक्या म्हाताऱ्याच्या दुकानाला कुलूप लागणार होतं, आणि त्याची चिठ्ठी इथेच देवाजवळ पडली होती. दुसऱ्या बाजूला ती भिंत. चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली ती पाठ त्या विसरल्या नव्हत्या. तेव्हा चौऱ्याऐंशीने ही गत, तर शहाण्णवने काय होईल?

तारीख नेमकी पहिली होती. साहेब काट्यावर उभे राहिले, एका हातात तक्रार, एका हातात पेन. "आजचं वजन पुराव्याला जोडायचंय. नीट वाच. आणि खाली साक्षीदार म्हणून तुझी सही लागेल."

वहिनींनी गुडघे टेकले. काटा बघितला. नऊ वर्षं जिभेवर बसलेला आकडा पुढे आला, पण सही म्हटल्यावर तो तिथेच थांबला. बोललेलं हवेत विरतं. लिहिलेलं राहतं.

"वाच ना."

"शहाण्णव."

"काय?"

"शहाण्णव. जरा पुढेच आहे."

साहेब खाली उतरले. बायकोकडे न बघता त्यांनी काटा उलटा करून शिक्का तपासला. मग ऑफिसची प्रमाणित वजनं आणवली आणि सायकलवाल्यालाही बोलावून घेतलं, कारण साक्षीदार बाहेरचा हवा. वीस किलोची चार, दहाचं एक, पाचाचं एक, एकाचं एक. काट्याने शहाण्णव दाखवले. वजनं उतरवली, साहेब चढले.

सायकलवाला वाकला. "शहाण्णव, साहेब." मग मनापासून मदत करावी म्हणून म्हणाला, "चपला काढल्यात ना?"

साहेब अनवाणी होते.

"कधीपासून?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत तेव्हापासून."

"म्हणजे नऊ वर्षं तू चुकीचं वाचलंस."

"वाचलं बरोबर. सांगितलं चुकीचं."

साहेब आतल्या खोलीत गेले. पलंग करकरला. वहिनींनी दारातून पाहिलं, तर पाठ आणि त्यापलीकडे भिंत. त्या देवापुढे जाऊन बसल्या आणि किती प्रार्थना म्हणायच्या तेच त्यांना कळेना, कारण आता खोटं शून्य किलो होतं. सायकलवाला बिचारा वजनं सांभाळत बसून राहिला. निरोप घ्यावा तर कुणाचा?

तासाभराने साहेब बाहेर आले. हातात कागद होता आणि चेहऱ्यावर असं काही, की वहिनी उभ्याच राहिल्या.

"गेली दोन वर्षं मी टेकडी चढतोय," ते म्हणाले. "मला वाटत होतं, चौऱ्याहत्तर किलो वर नेतोय. प्रत्यक्षात नेत होतो शहाण्णव. म्हणजे मी समजत होतो त्याहून तीस टक्के जास्त काम." त्यांनी सायकलवाल्याकडे पाहिलं. "तुमच्यापैकी कुणी करतं का?"

"नाही, साहेब."

"करून दाखवा."

मग ते बसले आणि तक्रारीच्या पाठीमागे म्हाताऱ्याला माफीचं पत्र लिहिलं, लाल स्प्रिंग पाठवण्याच्या विनंतीसह. वहिनींना म्हणाले, "शिंप्यालाही लिहावं लागेल."

"हो."

"आणि डॉक्टरकडे जायचं. काटा घरून न्यायचा."

"हो."

"अजून काही कमी सांगितलंयस का?"

"तुमची चहातली साखर. तुम्ही एक चमचा म्हणता, मी दोन घालते."

साहेबांनी हेही लिहून घेतलं.

दहा दिवसांनी लाल स्प्रिंग आली, सोबत चिठ्ठी. "लाल बसवा, पण उतार तरीही सावकाश." सायकलवाल्याने ती बसवली, फोर्कच्या पायावर रबरी कडं तळाला लावलं. साहेब सीटवर बसले. कडं किती वर सरकलं ते त्यांना दिसेना. मध्ये पोट होतं. ते पुढे वाकले असते तर माप बिघडलं असतं.

सायकलवाला पट्टी घेऊन खाली बसणार, तोच साहेब म्हणाले, "तुम्ही थांबा." आणि घराच्या दिशेने हाक मारली, "अगं, ये. वाच."

वहिनी पदर सावरत आल्या. जमिनीवर गुडघे टेकले. पट्टी लावली, डोळे बारीक केले, पुन्हा बघितलं.

"सव्वीस."

साहेबांनी मान हलवली. मग अगदी सहज विचारल्यासारखं, सायकलवाल्याला म्हणाले, "तुम्हीही जरा बघा."

सायकलवाला वाकला. "सव्वीसच, साहेब."

दुसऱ्या दिवशी न्याहारी सातला टेबलावर होती. साहेब अजून उठलेच नव्हते.