चिलावालीची जागा

रायपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत मी मागे एक लेख लिहिला होता. तेलीबांध्याच्या तलावाजवळ कुठे खावं, चहा कुठे प्यावा, संध्याकाळी कुठे बसावं, असा साधाच. लोकांना आवडला. त्यात एक वाक्य होतं : करंजाखाली चिला विकणारी दीदी स्वतःच्या मर्जीने गावी परत गेली. हे वाक्य खोटं आहे. बाकीचा लेख खरा आहे.

नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा मी सरकारी कचेरीत बाबू होतो. ऑफिसला जाताना रोज सकाळी मी त्या करंजाखाली थांबत असे. दीदी चुलीवर तांदळाच्या पिठाचा पातळ चिला टाकायची आणि वर टोमॅटोची झणझणीत चटणी. मी दुसरा चिला नको म्हटलं की म्हणायची, "घर म बाई खिसियाही का?" बायको रागावेल का, असं ती चारचौघांत विचारायची. मग मी दुसराही खायचो, कधी घरीही बांधून न्यायचो.

तलावाचा काठ सुधारायचं ठरलं. काठावर कोण कोण बसतं याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. पाहणीच्या वेळी जो जागेवर सापडेल, त्यालाच पुढे नव्या रांगेत गाळा, असा नियम होता.

पाहणी निघाली ती नेमकी तीजाच्या आठवड्यात. आमच्या घरी बायका हरतालिकेचा उपास घरीच धरतात. इथल्या बायकांचं तसं नाही. पोळा झाला की भाऊ न्यायला येतो आणि म्हातारीसुद्धा माहेरी जाते. दीदीही गेली होती. जाताना मला सांगून गेली होती. करंजाखाली चुलीचे तीन दगड तेवढे होते.

"यहाँ कौन बैठता है?" साहेबांनी विचारलं.

साहेब बाहेरून नवीन आलेले. मी रोज इथे खातो हे कळलं, तर ओळखीचं माणूस यादीत घुसवतोय असं त्यांना वाटेल, ही माझी भीती. मी म्हणालो, "कोई नहीं, सर."

"तो खाली लिखो."

मी जागा रिकामी असं लिहिलं.

आठ दिवसांनी दीदी परतली. माहेरची ठेठरी-खुरमी, तीजाचा तिखट-गोड फराळ, तिने माझ्यासाठी कागदात बांधून आणली होती.

"भैया, मोर नाव लिखे हव न?"

नाव लिहिलंत ना, असं ती विचारत होती. "हव," मी होकार दिला.

यादीवर हरकती घ्यायला अजून मुदत होती. एक अर्ज आणि माझी सही, एवढंच लागलं असतं. पण सही केली की साहेबांसमोर मी खोटं बोललो हे कागदावर आलं असतं. मी रोज उद्यावर ढकललं आणि मुदत संपली. ठेठरी मात्र घरी सगळ्यांनी खाल्ली.

गाळे वाटले त्या दिवशी ती टोपली घेऊन उभी होती. नाव नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम तो जानत रहेव, भैया. तीजा म मइके गे रहेंव." तुम्हाला तर ठाऊक होतं, एवढंच. आवाजही चढवला नाही. मी फाईल चाळत राहिलो. नंतर काही दिवस ती समता कॉलनीत दारोदार तांदळाचा उकडलेला फरा विकताना दिसायची. मी रस्ता बदलायचो. मग दिसेनाशी झाली, आणि ती गावी गेली असं मी सांगू लागलो.

गेल्या महिन्यात बायकोबरोबर तलावावर गेलो होतो. नव्या रांगेत चिला मागवला. पहिला घास खाऊन ती म्हणाली, "तुमच्या त्या दीदीसारखा नाही लागत." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने ताटली बाजूला सारली.

"मग मले काहून सांगून राहिले? तिले सांगा न."

"ती कुठं असंन, मले काय माहीत?"

"त्या बाईले विचारा. इथं बसणाऱ्या बायकाइले एकमेकींचं सारं माहीत असते."

मी उठलो. तव्यापाशी बसलेल्या बाईला म्हटलं, पूर्वी इथे करंजाखाली एक दीदी चिला विकायची, तिचा पत्ता हवा आहे.

"इहां तो कतको झन बइठत रिहिन, बाबूजी," ती उलथणं थांबवून म्हणाली. इथे तर कितीतरी जण बसायचे. "का नाव रिहिस ओकर?"

तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.