झाडाच्या पोटातली वर्षं

सुतारकाकांनी चाळीस वर्षं लाकूड कापलं, पण ते वाचताही येतं हे त्यांना साठीत कळलं. बदलत्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठातल्या बाईंना वादळात पडलेल्या एका जुन्या झाडाची चकती गुळगुळीत करून हवी होती. काका पॉलिश पेपर घेऊन प्रयोगशाळेत गेले. चकती आरशासारखी झाली तशी बाईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"काका, काय घासलंत ते बघा तरी. दर वर्षाचं एक वलय. पाऊस झाला की रुंद, दुष्काळात बारीक."

"माझ्या जन्माच्या वर्षी विहीर आटली होती, असं आई सांगायची," काका चाचरत म्हणाले.

दोघं सालीकडून आत मोजत गेले. त्या वर्षाचं वलय केसाएवढं होतं. आई जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, आणि हे झाड तिच्या शब्दाला साक्ष देत होतं.

मग त्यांची नजर सालीजवळ गेली. "इथली तर ओळीनं सगळीच बारीक आहेत!"

"उष्णता वाढतेय. इतका सलग ताण या झाडानं तीनशे वर्षांत सोसला नव्हता."

"याहून जुनं लाकूड मिळालं, तर आणखी मागची वर्षं वाचता येतील?" काकांनी विचारलं, आणि बाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया धुंडाळू लागले.

"मामंजी, घराचं गोदाम केलंत!" सूनबाईंनी कपाळाला हात लावला.

त्या तुळयांमुळे बाईंची हवामानाची नोंद आणखी दीडशे वर्षं मागे गेली, आणि शास्त्रज्ञांच्या अहवालात सुतारकाकांचं नाव छापून आलं.